अठ्ठावीस इंचांचे हँडल, सव्वीस इंचांचे गेट

डिसेंबर २०२४ मधील एका सकाळी रात्रपाळी संपवून मी कंपनीच्या बसमधून उतरलो आणि गल्लीत वळताच घरासमोरची माझ्या मोटारसायकलची जागा रिकामी दिसली. भिंतीलगत ऑइलचा नेहमीचा काळा डाग होता आणि त्याच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा पडला होता. तो हँडल लॉकच्या पिनेचा तुकडा होता, हे ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण नाशिकमधील अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करताना तुटलेल्या पिनेचा दाणेदार छेद मी रोज पाहतो. आई पहाटे उठली होती आणि तिने रिकामी जागा पाहिलीही होती, परंतु गाडी धाकट्या भावाने नेली असावी असे तिला वाटले. भावाला वाटले की मी ती घेऊन कामावर गेलो आहे. अशा रीतीने गाडी गेल्याचे कळण्यातच आमचे काही तास वाया गेले.

ती गाडी परत मिळाली नाही. पुढच्या काही महिन्यांत दुसरी घेण्यासाठी पैसे जमवत असताना, घराबाहेर उभी राहणारी मोटारसायकल कायद्याच्या चौकटीत राहून कशी सांभाळावी याचा मी जमेल तितका अभ्यास केला. मी वकील नाही; लोखंडाचे मला कळते आणि कायद्याचे मी वाचून घेतले आहे.

आमचे घर सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांपैकी आहे. या योजना आखल्या गेल्या तेव्हा प्रत्येक दारात दोन-दोन दुचाक्या उभ्या राहतील असे कोणाच्या मनात आले नसावे. गाडी आत घेता आली तर प्रश्नच मिटला असता, म्हणून मी प्रथम टेप घेऊन मोजमाप केले. हँडलची रुंदी अठ्ठावीस इंच भरली आणि गेटची सव्वीस. दोन इंचांसाठी खांब फोडावा, तर त्यावरच पाण्याच्या टाकीचा भार आहे. त्यामुळे गाडी बाहेरच राहणार हे ठरले, आणि पुढचा सगळा विचार त्या दोन इंचांतून निघाला.

चोरीची बातमी गल्लीत पसरली त्याच संध्याकाळी शेजारचे काका आले. चहा घेता घेता ते म्हणाले, "अरे, नवीन गाडी आणलीस की रात्री तिला करंट देऊन ठेव. कोण हात लावतो ते बघू." काका मायेने बोलत होते, आणि त्या दिवशी माझ्याही मनात त्याहून बरे काही येत नव्हते. परंतु हा उपाय थेट तुरुंगाकडे नेणारा आहे, आणि असे मत अनेक घरांत ऐकू येते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९६३ मध्ये बिहारमधील एक प्रकरण आले होते. शेजारच्या घराच्या शौचालयाची भिंत पडल्यामुळे त्या घरातील लोक आरोपीचे शौचालय वापरू लागले होते. त्यांना रोखण्यासाठी आरोपीने वाटेत वीजप्रवाह असलेली उघडी तार लावली आणि तिला स्पर्श होऊन शेजारची एक स्त्री दगावली. ती आपल्या जागेत परवानगीशिवाय शिरली होती आणि आपण मालमत्तेचे रक्षण करत होतो, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. दुसऱ्याच्या जागेत शिरलेला माणूस केवळ शिरला म्हणून कायद्याच्या संरक्षणाला मुकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. हलगर्जीपणाने मृत्यू घडवण्याला तेव्हा दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार ती पाच वर्षांपर्यंत असू शकते, आणि मृत्यू ओढवू शकतो हे माहीत असूनही तार लावली असे सिद्ध झाले तर प्रकरण याहूनही गंभीर कलमात जाते. बिहारमधला तो माणूस निदान स्वतःच्या जागेत होता. आमच्या गाड्या तर सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असतात, जिथे पहाटे दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा आणि शिळ्या पोळीच्या आशेने येणारी गाय, सगळ्यांचाच त्यांना स्पर्श होतो.

स्वसंरक्षणाचा हक्क मालमत्तेलाही लागू आहे, असेही काका म्हणाले होते, आणि ते खोटे नव्हते. संहितेच्या कलम ३५ मध्ये चोरीविरुद्ध मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे. मात्र कलम ३७ त्याला मर्यादा घालते: रक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवकाश असेल तर तो हक्क उरत नाही. साध्या चोरीची शिक्षा कलम ३०३ नुसार तीन वर्षांपर्यंत आहे. जो गुन्हा कायद्याने तीन वर्षांचा मानला, त्यासाठी आपण परस्पर देहदंड ठोठावू शकत नाही. सीटखाली खिळे लावणे किंवा हँडलला ब्लेड बांधणे हे उपायही मी ऐकले आहेत आणि तेही याच कारणाने बाद आहेत.

दुसरी गोष्ट रस्त्याची. गाडी माझी असली तरी ती ज्यावर उभी आहे तो रस्ता महापालिकेचा आहे, आणि वर्षानुवर्षे तिथेच गाडी लावल्यामुळे तो माझा होत नाही. मी सुरुवातीला घरासमोरच्या डांबरात खड्डा घेऊन लोखंडी कडी बसवण्याच्या विचारात होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमे २२९ ते २३१ वाचल्यावर तो विचार सोडला, कारण रस्त्यात अडथळा होईल असे काहीही उभारण्यास तेथे मनाई आहे आणि असे बांधकाम नोटीस न देता काढून टाकण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. आपल्या गल्ल्यांमध्ये लोकांनी जागा राखण्यासाठी पुरलेले पाइप, सिमेंट भरलेले डबे आणि दोन झाडांमध्ये बांधलेल्या साखळ्या याच वर्गात मोडतात. महावितरणच्या खांबाला गाडी बांधणे हा प्रकार त्याहून वाईट, कारण पावसाळ्यात खांबात प्रवाह उतरला तर साखळी सोडायला जाणाऱ्या मालकालाच धोका असतो.

गाडी रस्त्यावर उभी करण्यासंबंधीही काही बंधने आहेत आणि ती मला पूर्वी ठाऊक नव्हती. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक वेळ बेवारस किंवा विनादेखरेख सोडलेले वाहन उचलून नेण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो आणि त्याचा खर्च मालकावर पडतो. गल्लीतील गाड्या या कलमाखाली कोणी उचलत नाही हे खरे, पण वाहतुकीला अडथळा झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून गाडी भिंतीला इतकी चिकटवून लावायची की रुग्णवाहिका सहज जाईल, हा नियम मी स्वतःसाठी ठरवला. भिंतीला चिकटलेली गाडी चोरालाही अडचणीची ठरते, हा त्याचा वरचा फायदा.

आता साखळीकडे येतो, कारण हा भाग माझ्या कामाचा आहे.

गाडीचे बहुतेक उपाय इंजिन सुरू होऊ नये यासाठी असतात. परंतु शंभर-सव्वाशे किलोची गाडी दोन माणसे उचलून टेम्पोत टाकू शकतात, आणि मग लॉक तोडायला त्यांना हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणून गाडी न हलणाऱ्या वस्तूला बांधली पाहिजे आणि ती वस्तू आपल्या हद्दीत असली पाहिजे. मी कंपाउंडच्या आत, साखळी बाहेरच्या गाडीपर्यंत काढता येईल अशा बेताने भिंतीच्या जाळीलगत, एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घेतला. सोळा मिलिमीटरची सळई उलट्या यू आकारात वाकवून तिच्या दोन्ही पायांना खाली आडवे तुकडे वेल्ड केले आणि ती काँक्रीटमध्ये गाडली. सळई वाकवण्यापूर्वी तिच्यावर पाइपाचा एक सैल तुकडा सरकवून ठेवला होता, जो आता वरच्या भागावर मोकळा फिरतो. हॅक्सॉचे पाते त्यावर टेकवले की पाइप गरकन फिरतो आणि पात्याला पकड मिळत नाही. काँक्रीटवर आठवडाभर ओले पोते टाकून पाणी मारले. हे काम आईने इतक्या निष्ठेने केले की शेजारच्या कुंडीतली तुळस पाण्यावाचून सुकू लागली.

साखळी विकत घेताना मात्र मी प्रथम फसलो. पहिली साखळी रंगीत प्लॅस्टिकच्या नळीत गुंफलेली, साडेतीनशे रुपयांची होती. नळी मागे सारून एक कडी व्हाइसमध्ये धरली आणि तिच्यावर कानस चालवली, तेव्हा कानशीचे दात लोखंडात लोण्यासारखे रुतले. हॅक्सॉने ती कडी कापायला पूर्ण मिनिटही लागले नाही. दुसरी साखळी जवळपास पाचपट किमतीची, चौकोनी कड्यांची. तिच्यावर कानस नुसती घसरली आणि मागे चकाकणारा पट्टा तेवढा राहिला. याला केस हार्डनिंग म्हणतात: कडीची वरची कातडी काचेसारखी कठीण केलेली असते आणि आतला गाभा चिवट ठेवलेला असतो, म्हणजे ती कापलीही जात नाही आणि हातोड्याने तडकतही नाही. दुकानात एका कोपऱ्यात कानस चालवू देण्याची विनंती करण्यात काही गैर नाही. जो दुकानदार नको म्हणेल, त्याची साखळी मी घेणार नाही. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे मात्र हीदेखील टिकणार नाही, हे मला माहीत आहे, कारण तो ग्राइंडर मी रोज वापरतो. फक्त त्याचा आवाज आणि ठिणग्या चार घरे जागी करतात.

साखळी कशी लावावी यालाही महत्त्व आहे. ती पुढच्या चाकात अडकवली तर चाक सोडवून बाकीची गाडी नेता येते. मागच्या चाकातून आणि चिमट्यातून, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दोन दांड्यांमधून, ती घ्यावी. साखळी जमिनीवर लोळती ठेवू नये, कारण बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. साखळी अधांतरी आणि ताणलेली असली की दोन्ही हातांच्या ताकदीवरच काम करावे लागते. कुलूप खांदे असलेले घ्यावे, ज्याची कडी जेमतेम दिसते, आणि ते लावताना किल्लीचे भोक खाली ठेवावे. त्यात तेल घालू नये, कारण तेलाला धूळ चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

हँडल लॉक लावावेच, पण त्याच्या भरवशावर राहू नये. ती पिनेची गोष्ट वर सांगितलीच आहे. डिस्क असलेल्या गाडीला डिस्क लॉक चांगले, मात्र त्याची आठवण देणारी रंगीत दोरी हँडलला अडकवायला विसरू नये. माझ्या एका सहकाऱ्याने लॉकसकट गाडी पुढे ढकलून कॅलिपरचा ब्रॅकेट वाकवून घेतला आहे. बारीक भोंगा वाजवणारे अलार्म मी वापरून सोडून दिले. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि मांजर सीटवर बसले की ठणाणा करणारे यंत्र ती मर्यादा रोज ओलांडणार. शिवाय तिसऱ्या रात्रीनंतर त्या आवाजाने कोणी खिडकीसुद्धा उघडत नाही. डिसेंबरच्या थंडीत नाशिककर दारे-खिडक्या लावून दोन-दोन गोधड्यांत झोपलेला असतो, हेही लक्षात घ्यावे.

कॅमेरा लावण्यास परवानगी लागत नाही, परंतु तो आपले गेट, आपली गाडी आणि रस्त्याचा लागून असलेला तुकडा एवढेच टिपेल असा वाकवावा. समोरच्या घराचे दार किंवा खिडकी त्यात येत असेल तर त्या घराची हरकत योग्यच आहे. मी तो बसवताना समोरच्या काकूंना बोलावून मोबाइलवर चित्र दाखवले आणि त्यांच्या ओसरीचा कोपरा दिसत होता म्हणून कॅमेरा बोटभर खाली केला. त्यासोबत हालचालीने पेटणारा एक दिवा लावला आहे. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा दिवा अधिक कामाचा, कारण कॅमेरा गाडी गेल्यावर उपयोगी पडतो.

जीपीएस ट्रॅकर स्वतःच्या गाडीत बसवणे पूर्णपणे कायदेशीर आहे. त्यातले सिमकार्ड स्वतःच्या नावावर असावे आणि वायर फ्यूजमधूनच घ्यावी. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर लहान बॅटरी उतरते, याची कल्पना ठेवावी. गाडी गेली आणि मोबाइलवर ती कुठे आहे हे दिसू लागले, तर मित्रांना घेऊन तिथे जाऊ नये. ११२ वर फोन करून ठिकाण सांगावे आणि पोलिसांबरोबर जावे. चोर हाती लागलाच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न करता आणि फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. खांबाला बांधून चोप देणारे त्या क्षणापासून स्वतः आरोपी होतात.

आता माझी सर्वांत महागात पडलेली चूक सांगतो. चोरीला गेलेली गाडी मी २०२१ च्या दसऱ्याला घेतली होती. नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, घ्यावाच लागतो, परंतु गाडीचे स्वतःचे नुकसान आणि चोरी भरून देणारा भाग माझ्या पॉलिसीत केवळ पहिल्या वर्षाचा होता. पाच वर्षांचा विमा आहे या समजुतीत मी तो भाग पुढे चालू ठेवला नाही, आणि गाडी गेली तेव्हा हाती एक रुपयाही आला नाही. आपली पॉलिसी आज रात्रीच उघडून त्या दोन भागांच्या शेवटच्या तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे. भरपाईची रक्कमही गाडीच्या वयाप्रमाणे उतरते: तीन ते चार वर्षांच्या गाडीला मूळ यादी किमतीतून ४० टक्के वजा होतात, म्हणजे ८०,००० रुपयांच्या गाडीचे ४८,००० धरले जातात. तरीही ते ४८,००० मला त्या महिन्यात फार उपयोगी पडले असते.

चोरी झाल्यास तक्रार त्याच दिवशी नोंदवावी. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. आरसी, विमा, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक यांचे फोटो मोबाइलमध्ये आधीपासून असावेत, कारण गाडी गेल्यावर चासीवरचा क्रमांक वाचता येत नाही. विमा कंपनीलाही लगेच कळवावे. तक्रार तत्काळ नोंदवलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे, पण तेवढ्यासाठी न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ का आणावी? तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात 'अ समरी' अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडला नाही. दाव्यासाठी तो कागद लागतो आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्याही लागतात. गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होते आणि न्यायालयात अर्ज करून बंधपत्रावर ताब्यात घ्यावी लागते.

उच्च सुरक्षा नंबर प्लेटचाही येथे संबंध आहे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते. जुन्या दुचाकींसाठी महाराष्ट्रात ४५० रुपये आणि त्यावर जीएसटी असा दर ठरला आहे. तिचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा बसत नाही, त्यामुळे चोरलेल्या एमएच १५ गाडीवर दुसऱ्या जिल्ह्याची पाटी लावून फिरणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

नवी गाडी आता त्याच जागी उभी असते. काकांनी पाइपाची युक्ती दोनदा फिरवून पाहिली आणि आपल्या गेटच्या आतही तसाच खड्डा घ्यायला सांगितले. पुढच्या रविवारी तेच करायचे ठरले आहे. गाडीची दुसरी किल्ली पाकिटात घालून विम्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवली आहे. साखळीच्या किल्लीसाठी मात्र भावाने दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा ठोकला. साखळी लावली की किल्ली खिळ्यावर अडकवायची आणि गाडी नेताना किल्ली सोबत न्यायची, एवढेच ठरले. आई पहाटे दूध घ्यायला उठते तेव्हा आधी खिळ्याकडे पाहते आणि मग दार उघडते.